कस्टम केलेली जुनी एअरगन: विकत घेताना भाव कसा काढायचा

खेड्यात जुनी एअरगन विकायला निघते ती बहुधा दोन कारणांनी. एक तर पोरगं नेमबाजी सोडून नोकरीला लागतं, नाहीतर हौसेनं घेतलेली बंदूक कपाटावर धूळ खात पडते आणि पेरणीच्या तोंडावर पैशाची नड लागते. विकणाऱ्याचा हिशेब मात्र दोन्हीकडं सारखाच: "पंधरा हजाराची गन, सहाची दुर्बीण, पाचाचा सागाचा दस्ता, साडेतीनची किट टाकली भाऊ. तुम्ही बावीस द्या." दस्ता म्हणजे गनचं लाकडी अंग, किट म्हणजे आतली स्प्रिंग नि तिच्यासोबतचे भाग बदलायचा संच. हा झाला त्याचा खर्च. बाजारात त्या बंदुकीला काय मिळेल याच्याशी या बेरजेचा संबंध फार थोडा.

भाव काढायचा तो उलट्या बाजूनं. आधी तीच गन कुठलंही काम न केलेली असती तर आज कितीला गेली असती ते ठरवायचं. मग केलेल्या प्रत्येक कामाला तीन प्रश्न विचारायचे: हे काम परत काढता येतं का, मूळचा भाग विकणाऱ्याकडं आहे का, आणि काम नीट झाल्याचा पुरावा समोर दाखवता येतो का. तिन्हीला होकार मिळाला तर त्या कामाचे थोडे पैसे द्यायचे. एकालाही मिळाला नाही, तर ते काम भावातून वजा करायचं.

आधी कायदा, कारण काही गनची किंमत शून्य असते

आपल्याकडं शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे परवान्याशिवाय ठेवता येते ती एअरगन ४.५ मिलिमीटर बोअरची (नळीच्या आतल्या भोकाची रुंदी) आणि नळीच्या तोंडाशी २० जूलच्या आत ऊर्जा असलेली. त्यापुढं परवाना लागतो. कस्टम गनचा खरा धोका इथंच आहे. गन दुकानातून निघाली तेव्हा नियमात होती. नंतर कुणी वर्कशॉपमध्ये जाड तारेची स्प्रिंग वळवून घातली, आता ती नियमात आहे की नाही हे मालकालाही ठाऊक नसतं.

पुढच्या चारपैकी एकही गोष्ट आढळली तर भावताव करत बसू नका, सरळ उठा:

५.५ मिलिमीटरची नळी बसवलेली. ४.५ चा छर्रा मागच्या तोंडात ठेवला की तो रायफलिंगमध्ये (नळीच्या आतल्या पिळदार खाचांत) अडायला हवा. आत घरंगळत गेला तर नळी बदललेली आहे.

नळीच्या तोंडावर आवाज दाबणारा डबा (सायलेन्सर). शस्त्र कायदा, १९५९ मध्ये 'अग्निशस्त्र' या व्याख्येतच अशी जोडणी येते. "नुसती शोभेची आहे" या बोलण्याला काही अर्थ नाही.

सिरियल नंबर घासलेला, किंवा त्या जागेवर नवा रंग.

चौथी गोष्ट विकणाऱ्याच्या तोंडून येते: "रोह्यालेबी लागते हे." रोही (नीलगाय), रानडुक्कर, वानर यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू आहे. अशी बढाई मारणारा एक तर गनची ताकद २० जूलच्या वर नेलेली असल्याचं सांगतो आहे, नाहीतर गन गुन्ह्यात वापरल्याचं.

सोबत काय न्यायचं

अॅलन-कीचा संच, दोन स्क्रू-ड्रायव्हर, बारीक टॉर्च, पातळ टिश्यू पेपर, जाड नायलॉनची दोरी आणि सुती चिंध्या, क्रोनोग्राफ (छऱ्याचा वेग मोजणारं यंत्र), टेप, डोळ्यांना चष्मा. छर्रे स्वतःचे न्या, आणि ते कोणत्या वजनाचे हे आधी पाहा. डब्यावर ग्रॅम किंवा ग्रेन लिहिलेले असतात. १ ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम. खात्री नसेल तर सराफाच्या काट्यावर २० छर्रे एकदम ठेवा. १०.६ ग्रॅम भरले तर एक छर्रा ०.५३ ग्रॅमचा.

मागं धरायला लाकडी खोकं जुन्या कपड्यांनी घट्ट ठासून, पाठीशी जाड प्लायवूड. दगडी भिंत, टिनाचा पत्रा किंवा नांगराचा फाळ यावर छर्रा मारू नका, तो उलटून येतो.

दस्ता उतरवल्याशिवाय बोलणी नाहीत

वरून चकचकीत दिसणारी गन आतून वेगळीच निघू शकते. आपल्या भागात गन ठेवली जाते ती टिनाच्या खोलीत, युरियाच्या आणि फवारणीच्या औषधांच्या शेजारी. युरिया हवेतलं पाणी ओढतो, आणि पावसाळाभर तो ओलावा लाकूड नि लोखंड यांच्या फटीत मुरतो. म्हणून गंज पहिल्यांदा धरतो तो दस्त्याच्या काठाखाली, जिथं फडकं पोचत नाही. पुढचे दोन आणि घोड्याजवळचा एक असे साधारण तीन स्क्रू काढले की स्प्रिंग-गनचा (स्प्रिंगच्या जोरावर हवा दाबणाऱ्या गनचा) दस्ता सुटा होतो. विकणारा "कशाला उघडता" म्हणाला, तर का नको ते त्यालाच विचारा.

लोखंडावर तपकिरी धूळ असेल आणि तेलाच्या चिंधीनं ती जात असेल, तर काही बिघडलं नाही. नखाला खड्डे लागत असतील तर गंज खोल गेला आहे. खड्ड्यांवर काळा स्प्रे मारलेला असेल तर तो काठाशी जाडसर दिसतो आणि स्क्रूच्या खाचेतही गेलेला असतो. कारखान्याचं काळं पॉलिश खाचेत असं साचत नाही.

मग लाकूड. सुतारानं केलेल्या सागाच्या दस्त्यात तीन जागा पाहा. पहिली, मूठ: रेषा मुठीत आडव्या तुटत असतील तर तिथं एक दिवस तो दुभंगणार. दुसरी, पुढच्या स्क्रूंची भोकं. मूळ दस्त्यात तिथं लोखंडी वॉशर किंवा कप असतो. सुतारानं तो घातला नसेल तर स्क्रूचं डोकं लाकडात रुतत जातं, दर पन्नास छऱ्यांनी स्क्रू ढिला होतो आणि नेम सरकतो. मालक स्कोपला (दुर्बिणीला) दोष देत राहतो, दोष मात्र वॉशरचा असतो. तिसरी, सिलिंडर बसतो तो खोबणीचा भाग. तिथं धातूचे चकाकते ओरखडे एकाच बाजूला असतील तर बसवणी वाकडी आहे. मे महिन्यातल्या ४५ अंशांत आणि जुलैच्या ओलीत ओलं लाकूड वळतं. साग जुना, मुरलेला होता का हे विचारा. ताज्या कापाच्या सागाचा दस्ता दोन वर्षांत सांधा सोडतो.

मूळचा दस्ता घरी आहे का? असेल तर सागाचा दस्ता ही भर. "तो तर चुलीत गेला जी" असं उत्तर आलं, तर सागाच्या दस्त्याचे पैसे लावू नका.

नळी, सांधा आणि सील

मोडून भरायच्या गनमध्ये सगळ्यात महाग बिघाड म्हणजे वाकलेली नळी. नळी उघडी असताना कुणी घोडा दाबला की ती जोरात वर आपटते, आणि सांध्याच्या पुढं किंचित वाकते. पोरांच्या हाती गेलेल्या गनमध्ये हे नेहमीचं. उजेडाकडं धरून नळीतून पाहा: आतल्या उजेडाची वर्तुळं एकात एक, मध्यावर दिसायला हवीत. एका बाजूला दबलेली दिसली तर संशय घ्या. दुसरा पुरावा स्कोप देतो. नळी वर वाकली की गन वर मारते, म्हणून मालकानं स्कोपचा उंचीचा स्क्रू खाली शेवटापर्यंत फिरवलेला असतो. स्क्रू दोन्ही टोकांना नेऊन क्लिक मोजा. सध्याची जागा साधारण मध्यात हवी. त्याच अपघातात मुठीवर केसाएवढी चीरही पडते, म्हणून दस्ता हाताशी असताना ती पाहून घ्या.

नळी बंद करून तोंडाशी डावी-उजवीकडं हलवा. सांध्यात खट्ट जाणवलं तर पिव्हटचा बोल्ट किंवा वॉशर झिजला आहे. बोल्ट कसून खेळ गेला तर ठीक; तरीही राहिला तर लेथवर बुश करावं लागेल.

सीलची परीक्षा टिश्यू पेपरनं. नळी जिथं मिटते त्या फटीवर टिश्यूची पट्टी आडवी ठेवा, छर्रा भरून सुरक्षित दिशेला मारा. पट्टी उडाली तर तिथून हवा निघते. हे सील म्हणजे रबराची साधी रिंग, बदलायला फार पैसे लागत नाहीत, पण विकणाऱ्याला ते ठाऊक नसेल तर भाव खाली आणायला हे चांगलं कारण आहे.

आतून चिंधी ओढा. काळं शिसं निघेल, ते स्वाभाविक आहे. लाल-तपकिरी रंग निघाला तर रायफलिंगला गंज धरलेला, आणि नळी खराब म्हणजे जवळपास गनच खराब.

घोडा हलका केलाय? मग जरा थांबा

नेम सुधारावा म्हणून घोडा हलका करून घेणं हे आपल्याकडचं आवडतं काम. नीट केलेलं असेल तर उत्तम, पण बऱ्याचदा आतल्या स्प्रिंगची एक वळी कापलेली असते किंवा सीअरची (दाबलेली स्प्रिंग अडवून धरणाऱ्या खटक्याची) धार घासलेली असते. परीक्षा अशी: गन कॉक करा (स्प्रिंग दाबून अडकवा), छर्रा भरा, नळी खोक्यावर रोखा, बोट घोड्यापासून दूर. आता कुंद्यावर (दस्त्याच्या मागच्या टोकावर) तळहातानं दोन-तीन हलक्या थापा द्या. आपोआप सुटली तर ती गन घरात ठेवण्यालायक नाही. छर्रा भरल्याशिवाय कधीच सोडू नका. पुढं अडवायला काही नसलं की पिस्टन सिलिंडरच्या टोकावर आपटतो आणि सील फुटतं. "किती बार केले छऱ्याशिवाय?" हा प्रश्न सहज विचारा, लोक खरं सांगून टाकतात.

काही गनमध्ये नळी उघडी असताना घोडा अडवणारा खटका असतो. कॉक करताना खटखट आवाज नको म्हणून तो काढून टाकणारे मिस्त्री आहेत. असं काम झालेलं असेल तर मूळ भाग परत बसवल्याशिवाय पैसे मोजू नका. आणि छर्रा भरताना दुसऱ्या हातानं नळी धरूनच ठेवायची, गन कितीही चांगली असो.

क्रोनोग्राफपुढं दहा छर्रे

किटचे पैसे द्यायचे की नाहीत हे ठरतं इथं. दहा छर्रे मारा, प्रत्येक वेग लिहा. ऊर्जा काढायला सोपं सूत्र: छऱ्याचं वजन ग्रॅममध्ये, गुणिले वेगाचा वर्ग, भागिले २०००. ०.५३ ग्रॅमचा छर्रा २०० मीटर प्रतिसेकंद गेला तर १०.६ जूल. २४० ला साधारण १५. २७५ ला २० जूलची रेघ ओलांडली. दहा मीटर स्पर्धेच्या रायफली मुद्दाम ७.५ जूलच्या आसपास लावलेल्या असतात, म्हणजे याच छऱ्याला १६८. तिथं कमी वेग हा दोष नाही.

आकड्यांचा चढउतार वेगापेक्षा जास्त सांगतो. चांगल्या स्प्रिंग-गनमध्ये दहा छऱ्यांतला सगळ्यात जलद आणि सगळ्यात मंद यांत ४-५ मीटरचा फरक असतो. १० च्या वर गेला तर सील, स्प्रिंग किंवा ग्रीस यांत गडबड आहे.

आता फसवणुकीचा नेहमीचा प्रकार. विकणारा सकाळी हवेच्या भोकात दोन थेंब तेल सोडतो. दाबानं तेल आत पेट घेतं, कडक आवाज होतो, बघणारा म्हणतो काय ताकद आहे! आकडे मात्र २८५, २६८, २४४, २१५ असे घसरत २०० च्या आसपास येऊन टेकतात. नळीतून निळसर धूर, डिझेलसारखा वास. असं दिसलं तर आणखी वीस छर्रे मारा आणि शेवटचे दहा धरा. हा खेळ नुसता खोटा नाही, त्यानं सिंथेटिक सील जळतं.

झणझणाट ऐकू आला तर स्प्रिंग आणि तिच्या आतली दांडी यांत मोकळी जागा आहे. चांगल्या किटचं कामच हा आवाज घालवणं. किट घातली म्हणतो आणि गन झणझणते, तर ती नुसती जाड स्प्रिंग आहे. जाड स्प्रिंगनं झटका वाढतो, स्क्रू सुटतात, स्कोपच्या आतल्या काचा हलतात, वेग मात्र फार वाढत नाही. जुन्या घडणीच्या गनमध्ये चामड्याचा वॉशर असतो. तो सुकला की वेग पडतो, आणि योग्य तेलाच्या काही थेंबांनी परत येतो. म्हणून चामड्याची गन मंद निघाली तर ती वाईटच असं धरू नका, स्वस्तात मिळण्याची संधी असते.

क्रोनोग्राफ ट्यूबलाइटखाली किंवा भर उन्हात चुकीचे आकडे देतो. सावलीत, दिवसाच्या उजेडात ठेवा.

पाच छऱ्यांचा गट

दहा मीटर टेपनं मोजा. बसून, डावा तळहात पोत्यावर, त्यावर गन नुसती टेकवा. स्प्रिंग-गन घट्ट आवळली किंवा कडक टेबलावर ठेवली की गट फुटतो, त्यावरून गन नापास करू नका. पाच छर्रे, भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत सगळ्यात लांबचं अंतर. १२ मिलिमीटरच्या आत आलं तर साध्या स्प्रिंग-गनला छान. २० च्या वर गेलं तर आधी सगळे स्क्रू कसून, दुसऱ्या जातीचे छर्रे वापरून पुन्हा पाहा. तरीही तसंच राहिलं तर नळी किंवा सील. स्कोपच्या नळीवर कड्यांनी पुढं-मागं ओढल्याच्या रेषा दिसल्या तर माउंट (स्कोप धरणारी पकड) सरकतो आहे. स्प्रिंग-गन मागं आणि पुढं असा दोन्हीकडं झटका देते, त्यामुळं साध्या रायफलची दुर्बीणसुद्धा तिच्यावर टिकेलच असं नाही.

पीसीपी असेल तर

आधीच हवा भरून ठेवलेल्या गनला झटका नाही, नेम सोपा, पण भाव काढताना दोन गोष्टी बघाव्या लागतात: टाकीची तारीख आणि हवा कुठं भरणार. स्पर्धेच्या युरोपीय रायफलींच्या टाकीवर तारीख कोरलेली असते आणि बरेच बनवणारे तिचं आयुष्य १० वर्षं धरतात. तारीख उलटली असेल तर नव्या टाकीची किंमत सरळ वजा करा. हवा भरायच्या मोठ्या सिलिंडरवरही चाचणीची तारीख ठोकलेली असते. तो सिलिंडर मान्यतेचा शिक्का असलेला हवा. मान्यता देणाऱ्या पेसोचं (स्फोटकं नि दाबाच्या सिलिंडरांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय संस्थेचं) मुख्यालय नागपुरातच आहे, तेव्हा "इकडं कोण बघतं" हे कारण आपल्याला शोभत नाही. हातपंप सोबत मिळत असेल तर खेड्यात त्याला खरी किंमत आहे.

गळती पाहायला २०० बारपर्यंत भरा, तासभर थंड होऊ द्या, आकडा लिहा, रात्रभर ठेवा. इथं उन्हाळा फसवतो. दुपारी ४२ अंशांत २०० दाखवणारा काटा पहाटे २८ अंशांत १९१ दाखवेल, एक थेंब हवा न जाता. त्याहून खाली गेला तर गळती समजा. बहुतेकदा एखादी ओ-रिंग (रबराची रिंग) गेलेली असते. तिथं ग्रीस किंवा साधं तेल लावलेलं दिसलं तर मात्र सावध: दाबाच्या हवेत खनिज तेल पेटतं.

सवलतीच्या ड्युटीत परदेशातून आणलेली स्पर्धेची रायफल असेल तर ती विकण्यावर अटी असतात. आयातीचे कागद पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

आता हिशेब

सुरुवातीच्याच गनचे आकडे घेऊ. तुमच्या गनला तुमचे घाला. नवी १५,०००. चार वर्षं वापरलेली, नळी साफ, गंज वरवरचा: ६० टक्के, म्हणजे ९,०००. खड्डे पडलेले असते तर ४० टक्क्यांवर गेलो असतो. स्कोप वेगळा धरायचा, कारण तो वेगळा विकता येतो: ६,००० चा, काचेवर ओरखडा नाही, २,४००. सागाचा दस्ता, मूळचा सोबत आहे, वॉशर घातलेले: १,०००. किट, बिल आहे आणि दहा छऱ्यांत फरक ४ मीटर: ८००. झाले १३,२००. वजा: नळीचं सील २००, हरवलेली माशी (नळीच्या टोकावरचा नेमाचा दाणा) ५००, सरकणारा माउंट ३००. राहिले १२,२००. बोलणी ११,००० पासून, थांबायचं १२,५०० ला.

बावीस मागणाऱ्याला हे सांगितलं की तो खवळतो. त्याला सरळ पर्याय द्या: दुर्बीण आणि दस्ता तू ठेव, मूळ दस्त्यावर गन साडेआठला दे. पुष्कळदा सौदा इथंच बसतो, आणि दोघांनाही तो परवडतो.

कंपनीवरही भाव हलतो. प्रेसिहोल, एसडीबी यांसारख्या चालू कंपन्यांचे सुटे भाग मिळतात, म्हणून लहान दोषाला लहान वजावट. इंडियन ह्यूम पाइपची जुनी आय.एच.पी. किंवा जुनी जर्मन डायना निघाली तर उलटं: भाग लेथवर करावे लागतील, पण मूळ स्थितीतल्या गनला शौकीन असतात. अशा गनवर कुणी कॅमोफ्लाजचा रंग मारला, नवा दस्ता ठोकला, स्कोपसाठी सिलिंडरला वेल्डिंग केलं, तर तिची अर्धी किंमत त्याच दिवशी गेली. वेल्डिंगच्या उष्णतेनं सिलिंडर आतून वाकतो, पिस्टन घासतो. असली गन सुट्या भागांच्या भावात मिळाली तरच घ्या.

कागद आणि वाट

मूळ बिल, त्यावरचा सिरियल नंबर गनवरच्या नंबरशी ताडून. साध्या कागदावर विक्रीपत्र: दोघांची नावं, पत्ता, ओळखपत्राची प्रत, नंबर, बोअर, रक्कम, तारीख, दोन साक्षीदारांच्या सह्या. केलेली कामं त्यातच लिहून घ्या, क्रोनोग्राफचे दहा आकडे सुद्धा. पुढं तुम्ही विकाल तेव्हा हाच पुरावा तुमच्या किटचे पैसे मिळवून देईल. मूळ दस्ता, जुनी स्प्रिंग, माशी, सगळं त्याच दिवशी ताब्यात घ्या. "नंतर पाठवतो" म्हणणाऱ्याचं पार्सल क्वचितच येतं.

नेताना गन रिकामी, कॉक न केलेली, कव्हरमध्ये, बिल खिशात. आणि रस्ता आधी पाहा. परतवाड्याहून सेमाडोहमार्गे धारणीला जाताना तुम्ही मेळघाटातून जाता, मोहर्लीकडं गेलात तर ताडोब्याच्या दाराशी. अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन शिरायला १९७२ च्या कायद्याचं कलम ३१ मनाई करतं, आणि नाक्यावरचा वनरक्षक एअरगन आणि रायफल यांत फरक करत बसणार नाही. जंगल टाळून वळसा पडला तरी चालेल.